स्वरूपाच्या डब्यातलं घड्याळ

शाळेची घंटा आपोआप वाजावी म्हणून खरं तर कुणाचंच काही अडलं नव्हतं. फाट्यावरच्या त्या हायस्कूलात लिंबाच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तो बडवायला आबाजी शिपाई होते, आणि सुट्टी झाली हे मुलांना घंटेआधी पोटातून कळत होतं. पण दिवाळीत सावळाराम क्लार्क आपल्या लेकीला सहज म्हणाले, "आबाजी जूनला रिटायर व्हायचे. मग टोल कोण देणार, देव जाणे." त्यावर लेक म्हणाली, "आप्पा, मी देऊ का काही करून?"

बापानं इथंच "नको" म्हणायला हवं होतं. पण लेक आपणहून शाळेसाठी काही करते म्हटल्यावर नको म्हणणारा बाप अजून जन्मायचा आहे. निदान कळंब गावात तरी.

स्वरूपा पुण्याला एका कंपनीत होती. (तिथं ती नेमकं काय करते हे सावळारामांना सांगता येत नसे, पण ते त्यांचं गावात सगळ्यांना सांगून झालं होतं.) तिनं पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर आणला, चिवड्याच्या रिकाम्या डब्यात बसवला, वायर शाळेच्या भोंग्याला जोडली आणि तासांच्या, सुट्टीच्या, शाळा सुटण्याच्या सगळ्या वेळा त्यात भरून दिल्या. शनिवारच्या सकाळच्या शाळेच्या वेळा वेगळ्या भरल्या. सगळे त्याला डबा म्हणू लागले. सावळारामांना हे आवडत नसे. "त्याच्यावर लिनक्स चालतं," असं ते सलूनमध्ये सांगत, आणि लिनक्स म्हणजे काय असं कुणी विचारलंच तर "लई मोठं हाय ते" म्हणून दाढीसाठी मान वर करत.

डब्याची एकच अडचण होती. वेळ काय झाली हे तो इंटरनेटला विचारायचा. लाईट गेली की डबाही झोपायचा आणि इंटरनेटही. लाईट परत आली की डबा लगेच जागा व्हायचा, पण इंटरनेट कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी. मग डब्याला वाटायचं, आपण झोपलो तेव्हा जे वाजले होते तेच आताही वाजले असणार. एका मंगळवारी दीड तास लाईट गेली, आणि दीड वाजताची जेवणाची सुट्टी तीन वाजता झाली. भुकेजलेल्या पाचवीच्या वर्गानं त्या दिवशी पाढे म्हणताना एक अक्षर धड उच्चारलं नाही.

सावळारामांनी लेकीला फोन लावला. "अगं, डब्याला वेळ लक्षात राहत न्हाय."

"त्याच्यावर उपाय आहे, आप्पा. घड्याळाची एक छोटी चकती मिळते. तिला स्वतःचा सेल असतो. लाईट जाऊ दे, नेट जाऊ दे, ती वेळ मोजत बसते. मी पाठवते. बसवाल ना तुमी?"

"न बसवायला काय झालं," सावळाराम म्हणाले. घरातला बल्बसुद्धा ते कौसल्याबाईंना खुर्ची धरायला लावून बदलत; पण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

चकती आली. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, तिच्या पाठीवर रुपयाएवढा गोल, चकचकीत सेल. सोबत स्वरूपाच्या हातचा कागद, सात पायऱ्या लिहिलेला. रविवारी सावळारामांनी शाळेतून डबा घरी आणला, टीव्हीला जोडला आणि चष्मा पुसून बसले. कौसल्याबाई शेजारी ब्लाऊजला हुक लावत होत्या. गावातले निम्मे ब्लाऊज त्यांच्या हातचे असत.

कागदावर लिहिलं होतं, चकती टाचण्यांच्या रांगेवर बसवा, मग ही ओळ टाइप करा. पडद्यावर रकान्यांचा तक्ता येईल, त्यात अडुसष्ट हा आकडा दिसला म्हणजे डब्याला चकती सापडली. सावळारामांनी ओळ टाइप केली. तक्ता आला. त्यात नुसत्या रेघोट्या. पुन्हा टाइप केली. पुन्हा रेघोट्या. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रत्येक अक्षर कागदावर बोट ठेवून टाइप केलं, शाळेचा दाखला टाइप करतात तसं. रेघोट्याच.

"माल खराब दिसतोय," ते म्हणाले.

"दावा जरा," कौसल्याबाई म्हणाल्या आणि सुई दातात धरून डब्यावर वाकल्या. "अवो, हिला चार भोकं हायत आन् तुमी पयल्या टाचणीवरनं सुरवात केलीच न्हाय. एक सोडून दिलीय. सदऱ्याची गुंडी खालच्या काजात घालून तुमी मागं तालुक्याला गेला हुता, तसं झालंय."

"तुला यातलं काय कळतं?"

"यातलं न्हाय कळत. गुंड्याचं कळतं."

सावळारामांनी चकती उपसून एक घर सरकवून बसवली, फक्त कौसल्याबाईंचं तोंड बंद करायला. ओळ टाइप केली. तक्त्याच्या खालच्या भागात, रेघोट्यांच्या मधोमध, एकटं अडुसष्ट उभं होतं. स्वतः सावळारामांना मॅट्रिकला सत्तेचाळीस टक्के होते. आपल्या घरात अडुसष्ट आलेलं पाहून त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या पायऱ्यांप्रमाणे त्यांनी चकतीत तारीख आणि वेळ भरली आणि टीव्हीचा फोटो काढून लेकीला पाठवला. खाली लिहिलं, "बसवली. काही अडचण आली नाही."

सोमवारी डबा शाळेत परत लागला. इंटरनेट चालू होतं, वेळ बरोबर होती, घंटा बरोबर होत्या. सावळारामांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्रत्येक पेढ्याबरोबर "त्याला आता स्वतःचा सेल हाय" हे वाक्यही वाटलं.

मंगळवारी पहाटे लाईट गेली ती चारला आली. फाट्यावर उसाच्या ट्रॉलीत अडकून इंटरनेटची तारही तुटली होती. सकाळी प्रार्थनेचा टोल आबाजींनी नेहमीसारखा स्वतःच्या हातानं दिला (नवे हेडसर म्हणाले होते, डबा पक्का होईपर्यंत दिवसाची पहिली घंटा तुमचीच). त्यानंतर तासभर डबा गप्प. इतिहासाच्या सरांना वाटलं, आपला तास आज लांबलाय, आणि ते खुशीत पानिपतावर रेंगाळले. साडेअकराला डब्याला कंठ फुटला. आणि मग जे सुरू झालं ते दर अर्ध्या तासाला. गणिताच्या मॅडमनी त्रिकोणाच्या दोन बाजू काढल्या की घंटा. तिसरी बाजू दुसऱ्या वर्गात.

"भाऊसाहेब, डबा घाईला आलाय," आबाजी दारात येऊन म्हणाले. शाळेत क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची पद्धत होती.

"बसंल आपोआप. नवीन हाय," सावळाराम म्हणाले.

आणि काय आश्चर्य, जेवणाची सुट्टी नेमकी दीड वाजता झाली. सेकंदाचाही फरक नाही. सावळाराम व्हरांड्यात येऊन, कमरेवर हात ठेवून, साऱ्या शाळेनं आपल्याकडे बघावं असे उभे राहिले. "बसला का न्हाय?" ते आबाजींना म्हणाले.

साडेतीनला शाळा सुटली.

लांब, शाळा सुटायचीच घंटा. पाचशे मुलांनी ती ऐकली, आणि पाचशे मुलांपैकी एकालाही ती चुकीची आहे असं वाटलं नाही. हेडसर ऑफिसातून धावत बाहेर आले तेव्हा मैदानात एक चप्पल होती आणि धूळ होती. आबाजींनी फाटक लावलं, पण ते मुलं गेल्यावर. फाट्यावर ऊस घेऊन थांबलेला एक ट्रॅक्टरवाला त्यांना म्हणाला, "काय झालं, कोन पुढारी गेला का काय?"

सावळाराम कॉम्प्युटर खोलीतला पडदा डब्याला जोडून बघत होते. पडद्यावर लिहिलं होतं, एक जानेवारी दोन हजार, शनिवार, सकाळचे साडेअकरा वाजून गेलेले. पहाटे चारला लाईट आल्यावर चकतीनं काळाची सुरुवातच नव्यानं केली होती, आणि योगायोगानं ती शनिवारी झाली होती. डब्यानं बिचाऱ्यानं इमानदारीनं सकाळची शाळा भरवली होती आणि वेळेवर सोडली होती. शनिवारची साडेनऊची सुट्टी तेवढी चार तासांच्या फरकानं दीडच्या सुट्टीवर येऊन बसली होती.

हेडसर चिडून बोलणारे नव्हते. त्यामुळे जास्त लागायचं. "सावळाराम, शनिवारपर्यंत बघू या," ते म्हणाले. "नाही जमलं तर सोमवारी डबा खाली उतरवा. पालक विचारायला येणारच आहेत. त्यांना काहीतरी सांगावं लागेल. क्लार्कसाहेबांच्या मुलीचा प्रयोग होता, तो फसला, असं सांगेन. दुसरं काय सांगणार?"

मुलीचा प्रयोग फसला. हे तीन शब्द घेऊन सावळाराम मोपेडवरून घरी आले. त्यांना स्वतःबद्दल कुणी काहीही म्हटलेलं चाले. पगारपत्रक चुकलं, दाखल्यावर जन्मतारीख चुकली, म्हणा. पण स्वरूपा याच शाळेतून पहिली आली होती. तिच्या नावाचा फलक अजून ऑफिसात होता, आणि त्यावरची धूळ रोज सकाळी, शिपाई हाताशी असतानाही, ते स्वतः रुमालानं पुसत.

लेकीला सांगायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. तिच्या कामाची गडबड चालली होती. आणि "काही अडचण आली नाही" असं स्वतः लिहून बसले होते.

बुधवारी शाळा सुटल्यावर (पाच वाजता, आबाजींच्या टोलावर) ते चकती घेऊन बारामतीला गेले. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानदारानं सेल बाहेर काढला, मीटर लावला आणि म्हणाला, "तीन व्होल्ट. फुल आहे. याला काय धाड भरलीय?"

"मग वेळ का धरत न्हाय?"

"ते मला काय माहीत, काका. दुसरा घेऊन बघा."

सावळारामांनी दुसरा घेतला. सेल काढताना त्याच्याखालून एक पातळ, काचेसारखी प्लास्टिकची पट्टी सुटून आली होती. ती त्यांनी दुकानाच्या फरशीवरून वाकून शोधली, फुंकर मारली, आणि नवा सेल बसवताना त्याच्याखाली पुन्हा जशीच्या तशी घातली. बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. आधी होतं तसं परत ठेवणं, हे त्यांच्या हाडात होतं.

गुरुवारी डबा घरी आणून त्याची वायर काढली, घातली. एक जानेवारी दोन हजार. शुक्रवारी सकाळी काढली, घातली. एक जानेवारी दोन हजार. कौसल्याबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्या वर्षी आपली स्वरूपा रांगत हुती. लई याड लागलंय त्याला त्या सालाचं." सावळाराम हसले नाहीत. चहा निवला.

शुक्रवारी संध्याकाळी स्वरूपाचा फोन आला, तो कौसल्याबाईंनी उचलला, आणि उचलल्याबरोबर म्हणाल्या, "तुझ्या आप्पांनी मंगळवारी साडेतीनला शाळा सोडली. चार दिस झालं नीट जेवत न्हायत. मला सांगू नको म्हणलेत, म्हणून सांगतीय."

"आईकडचा फोन घ्या आप्पा," पलीकडून आवाज आला. "आणि व्हिडिओ लावा. चकती दाखवा. अजून जवळ. नाकाजवळ नाही, कॅमेऱ्याजवळ."

सावळारामांनी चकती धरली.

"सेलच्या खालून काय बाहेर आलंय ते? चकाकतंय बघा."

"ती पट्टी हाय की प्लास्टिकची. कंपनीची. जपून ठेवलीय मी. दुकानात पडली हुती, ती बी शोधून घातली."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. लेक हसू आवरत होती.

"आप्पा, ती काढायची असते. दुकानात असताना सेल संपू नये म्हणून घातलेली असते. ती आत आहे तोवर सेलचा आणि चकतीचा संबंधच येत नाही."

"काढायची?" सावळाराम म्हणाले. "नव्या वस्तूवरचं प्लास्टिक?"

"त्यांना कुठं सांगतीस," मागून कौसल्याबाई म्हणाल्या. "टीव्हीचा रिमोट घेऊन सात वर्सं झाली, पिशवीतनंच दाबतो आमी. फ्रीजच्या मुठीचं प्लास्टिक फाटलं तवा ह्यांनी वरनं चिकटपट्टी लावली. मोपेडच्या सीटवर बसलं की अजून चुरचुर वाजतंय. माझ्या बापानं लग्नात दिलेली सुटकेस—"

"बास की आता," सावळाराम म्हणाले.

त्यांनी पट्टी ओढली. ती सुळकन निघून आली, इतकी सहज की चार दिवसांचा जीव त्यात अडकला होता यावर विश्वास बसू नये. पुन्हा तारीख भरली, वेळ भरली, वायर काढली आणि तिघं जेवायला बसले, दोघं इथं आणि एक फोनमध्ये. भाकरी, वांगं, ताक, सगळं सावकाश झालं. हात धुऊन वायर लावली. पडद्यावर चालू तारीख होती, चालू साल होतं आणि वेळ फोनशी तंतोतंत जुळत होती.

"चूक माझी," स्वरूपा म्हणाली. "कागदावर लिहायला पाहिजे होतं. ती पट्टी कुणी ठेवंल, असं वाटलंच नाही मला. मी हेडसरांना फोन करून सांगते."

"तू कुणाला काय सांगू नको," सावळाराम म्हणाले. "शाळेत नाव तुझं हाय. चूक माझ्याकडं राहू दे. माझ्या अंगावर ती शोभून दिसती."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर हेडसरांसमोर परीक्षा झाली. इंटरनेटची तार अजून तुटलेलीच होती, ते बरंच झालं. सावळारामांनी मेन स्विच पाडला. तासभर सगळे अंधाऱ्या ऑफिसात बसले. मग स्विच वर केला, आणि हेडसरांनी आपला मोबाइल डब्याच्या पडद्याशेजारी धरला. सेकंदाचे आकडे दोन्हीकडे एकदमच पुढे सरकत होते.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"पट्टी काढायची राहिली हुती, सर. माझ्याकडनं. मुलीचं काम पयल्यापासनं बरोबर हुतं."

हेडसरांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, सोमवारी प्रार्थनेत स्वरूपाचं नाव घेऊ. आणि इतकं चोख घड्याळ आपल्या शाळेत आलंच आहे, तर सोमवारपासून पहिली घंटाही डब्याचीच. घंटेनंतर जो येईल, मग शिक्षक असो की शिपाई, त्याच्या नावापुढे मस्टरमध्ये लाल रेघ.

"पहिली घंटा माझ्याकडं राहू द्या, सर," आबाजी एकदम म्हणाले. त्यांनी सावळारामांकडे बघितलं. "भाऊसाहेबांसाठी म्हणतोय मी."

सावळारामांना त्यांची कीव आली. म्हातारपणी टोल हातातून जातोय, माणूस काहीतरी निमित्त काढणारच. "राहू द्या हो आबाजी," त्यांनी आबाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "शिस्त म्हणजे शिस्त." मस्टर त्यांच्याच टेबलावर असायचं. लाल पेन त्यांनी निमगावच्या बाजारातून स्वतः आणलं, आणि घरी आल्यावर पेनाचं टोपण काढून एक रेघ ओढून बघितली. पेन झकास होतं.

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला निघाले. सदरा इस्त्रीचा, कपाळाला गंध. नेहमीप्रमाणे वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे चाललं, नेहमीप्रमाणे तिसरीला ओलांडलं, आणि कालव्याच्या पुलावर आले तेव्हा भोंगा वाजला. शाळेची घंटा बाहेरून, लांबून ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी मोपेड बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि पूर्ण घंटा ऐकून घेतली. पाटाचं पाणी वाहत होतं, पलीकडच्या फडात तोड चालली होती, आणि त्या सगळ्यावरून आपल्या लेकीची घंटा चाललेली होती. तोडणीतल्या एका बाईनं कोयता थांबवून वर बघितलं. "आमच्या स्वरूपाचं हाय," सावळारामांनी तिला रस्त्यावरून सांगितलं. बाईनं मान हलवली आणि पुन्हा ऊस तोडू लागली.

फाटकात आबाजी उभे होते. चेहरा मयताला आल्यासारखा.

"सात मिनटं, भाऊसाहेब."

"कुणाला?"

"तुमाला."

"हे कसं? मी रोजच्याच वेळेला आलोय."

"व्हय की. रोजच्याच वेळेला." आबाजींनी पायातला खडा बाजूला सारला. "तुमची गाडी फाटकातनं आत आली की मगच मी टोल द्यायचो. चांगल्या मानसाला उशीर कशाला लागू द्यायचा. हापिसातलं भितीवरचं घड्याळ बी त्याच बेतानं मागं ठेवलं हुतं. बावीस वर्सं धकलं."

मैदानात प्रार्थना संपत आली होती. माइकवरून हेडसर सांगत होते की आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी स्वरूपा हिनं आपल्याला वेळेची किंमत शिकवली आहे. पाचशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सावळारामांनीही वाजवल्या.

ऑफिसात मस्टर उघडंच होतं. हेडसर समोर बसले होते. सावळारामांनी लाल पेन काढलं, पट्टी लावून स्वतःच्या नावापुढे सरळ रेघ ओढली, वेळ लिहिली. शेजारी उशिराच्या कारणाचा रकाना होता. तिथं त्यांना ट्रॉल्या आठवल्या, पूल आठवला. पण बावीस वर्षांत त्या रकान्यात कुणी खोटं लिहिलेलं त्यांनी चालू दिलं नव्हतं. थोडा विचार करून त्यांनी आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, "मुलीचे घड्याळ बरोबर आहे." आणि खाली सही केली.

हेडसरांनी मस्टर स्वतःकडे ओढून ते दोनदा वाचलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण उद्याचं काय?"

"उद्या बी बरोबरच असंल, सर," सावळाराम म्हणाले, आणि त्यांचा ऊर भरून आला. "तिचं काम पक्कं असतं."